विहिरीतला साप आणि 'फुकटची सात'

वाचकहो, परीक्षा संपल्या, शाळांना सुट्ट्या लागल्या की घरोघरी रात्री एक मागणी ठरलेली असते. 'गोष्ट सांगा!' आई दिवसभराच्या कामाने दमलेली, बाप ड्युटीवरून नुकताच आलेला, तरी मुले काही सोडत नाहीत. त्यांना राक्षस हवा असतो, तलवार हवी असते आणि घरातून बाहेर पडून जग पाहून आलेला, आपल्याच वयाचा किंवा थोडा थोरला असा एखादा पोरगा हवा असतो. या आठवड्यात आम्ही अशाच एका पोराची गोष्ट सांगणार आहोत. ती आपल्याकडची नाही. ती आफ्रिकेतली, हौसा लोकांची आहे. मात्र एक अट आधीच घालून ठेवतो. ही गोष्ट अर्ध्यावर सोडायची नाही. अर्धी सांगितली तर ती फार गोड लागते. पूर्ण सांगितली की घशात थोडी अडकते, आणि जिथे अडकते तिथेच खरा शहाणपणा आहे.

हौसा लोक मुख्यतः नायजेरियाच्या उत्तर भागात आणि त्याला लागून असलेल्या नायजर देशाच्या दक्षिण भागात राहतात. त्यांची भाषा बोलणारे कोट्यवधी आहेत. पश्चिम आफ्रिकेतल्या कितीतरी बाजारांत देवघेव याच भाषेत चालते. या लोकांत गोष्टी सांगण्याची परंपरा मोठी आहे. गोष्टीचे ते दोन प्रकार मानतात. मनोरंजनासाठी रात्री मुलांना सांगायची ती 'तात्सुनिया'. त्यात गिझो नावाचा लबाड कोळी असतो, माणसे खाणारा 'डोडो' असतो, आणि सगळ्यांनी हिणवलेला पण शेवटी सगळ्यांना वाचवणारा 'आउटा' म्हणजे शेंडेफळ असते. दुसरा प्रकार 'लाबारी'. ती घडून गेलेल्या गोष्टीची हकीकत मानली जाते. आज आम्ही सांगतो आहोत ती लाबारी आहे. आपली गावे, आपले राजे कुठून आले हे हौसा लोक याच हकीकतीतून सांगत आले आहेत.

तर ऐका. बगदादच्या राजाचा एक मुलगा होता. नाव अबू यझीद. बापाशी बिनसले आणि पोरगा घर सोडून निघाला. बरोबर घोडेस्वार होते, नोकरचाकर होते. वाळवंट ओलांडून तो चाडच्या सरोवराकडच्या बोर्नो राज्यात पोहोचला. बोर्नोच्या राजाने त्याचे स्वागत केले, आपली मुलगीही दिली. पोराला वाटले, आपले भले झाले. पण राजा मनातून घाबरला होता. एवढे स्वार घेऊन आलेला हा जावई उद्या आपल्याच गादीवर बसला तर? म्हणून त्याने उघड वैर केले नाही. आज या मोहिमेवर जायला थोडे स्वार दे, उद्या त्या मोहिमेवर थोडे दे, असे मागत मागत त्याने जावयाची सगळी फौज काढून घेतली. पोरगा प्रत्येक वेळी 'हो' म्हणाला. एके दिवशी मागे वळून पाहतो, तर मागे कोणीच नाही! जगात वावरताना पहिला धडा त्याला असा मिळाला. घाव घालून लुटणारे थोडे, मागून मागून लुटणारेच जास्त.

जीवावर बेतणार हे कळताच तो बायकोला घेऊन रातोरात पळाला. बायको गरोदर होती, पुढचा प्रवास तिला झेपेना. वाटेत बिराम नावाच्या ठिकाणी तिला ठेवून तो एकटाच पुढे निघाला. तिला तिथेच मुलगा झाला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पुढे गाया नावाचे गाव लागले. (आपल्या बुद्धगयेशी याचा काही संबंध नाही.) हे गाव लोहारांचे. तिथल्या लोहारांकडून त्याने एक चाकू करून घेतला. राजाचा मुलगा खरा, पण आता त्याच्याजवळ फौज नव्हती, खजिना नव्हता. होता एक घोडा आणि लोहाराच्या भट्टीतून निघालेला एक चाकू. पुढची सगळी कर्तबगारी त्याने राजघराण्याच्या नावावर केलेली नाही, त्या चाकूवर केली आहे.

रात्रीच्या वेळी तो डाउरा नावाच्या गावी आला. आजच्या नायजेरियाच्या कात्सिना राज्यात हे गाव आहे. आयाना नावाच्या एका म्हातारीच्या दारात तो थांबला आणि म्हणाला,

"आजी, घोड्याला पाणी हवे."

"बाळा, आज पाणी मिळायचे नाही. शुक्रवारी मिळेल."

"शुक्रवारीच का?"

"विहिरीत साप आहे. तो कुणाला पाणी काढू देत नाही. शुक्रवारी सगळा गाव जमतो, तेव्हा कुठे पाणी निघते."

पाण्याजवळ कुणीतरी बसून राहिला आणि इतरांना हात लावू देईना, म्हणजे काय होते, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको. गावाला त्याची सवय झाली होती. शुक्रवारपर्यंत पाणी पुरवून वापरायचे, हाच तिथला रिवाज होऊन बसला होता. त्या सापाचे नाव काय होते माहीत आहे? 'सार्की.' हौसा भाषेत सार्की म्हणजे राजा!

पोराने म्हातारीकडून पोहरा मागून घेतला आणि तो कुसुगू नावाच्या त्या विहिरीवर गेला. पोहरा आत सोडला. वर ओढू लागला तर दोराबरोबर सापही वर आला. पोराने गायाच्या लोहारांनी केलेल्या चाकूने त्याचे मुंडके उडवले. मुंडके पिशवीत टाकले, धड तिथेच राहू दिले. मग स्वतः पाणी प्याला, घोड्याला पाजले आणि उरलेले पाणी म्हातारीला नेऊन दिले. कुणाला उठवले नाही, दवंडी पिटली नाही. झोपून गेला.

सकाळी विहिरीवर गर्दी झाली. डाउरामध्ये तेव्हा राणीचे राज्य होते. तिचे नाव डाउरामा. तिच्या आधीही तिथे एकामागून एक राण्याच होऊन गेल्या असे परंपरा सांगते. राणी स्वतः विहिरीवर आली, मेलेला साप पाहिला आणि म्हणाली, ज्याने हे केले त्याला अर्धा गाव देते. झाले! रात्रभर घरात झोपलेले सगळे शूर पुढे सरसावले. 'मी मारला', 'मी मारला' म्हणत रांगच लागली. राणीने एकच विचारले, 'मुंडके कुठे आहे?' एकजण तर दुसऱ्याच कुठल्या सापाचे मुंडके घेऊन आला, ते धडाला जुळेना.

गोष्टीतला हा भाग आम्हांला फार आवडतो. आमची नोकरी कारकुनाची. बिल पास करायचे तर व्हाउचर लागते, तोंडी सांगण्यावर पैसे निघत नाहीत. राणी डाउरामा हिशेबाला पक्की होती. श्रेय घ्यायला येणाऱ्याकडे तिने पुरावा मागितला. समाजाच्या कामातही असेच असते. रात्री विहिरीवर एकटा गेलेला असतो एक, आणि सकाळी हार घालून घ्यायला पुढे येतात दहा. अशा वेळी मुंडके कुठे आहे, हे विचारणारे कुणीतरी हवे.

शेवटी म्हातारी आयाना पुढे आली. तिने सांगितले, रात्री माझ्याकडे एक परका पोरगा आला आहे, त्याने मला पाणी आणून दिले. त्याच्याजवळ एक जनावर आहे, बैलासारखे दिसते पण बैल नव्हे. गावाने तोवर घोडा पाहिला नव्हता, असे या पाठात गृहीत आहे. पोराला बोलावले. त्याने पिशवीतून मुंडके काढून दाखवले. राणीने अर्धा गाव देऊ केला. तो म्हणाला, अर्धा गाव नको, माझ्याशी लग्न करा. राणीने मान्य केले. लोक त्याला 'मकास सार्की', म्हणजे सार्कीला मारणारा, म्हणू लागले.

आणि त्याचे दुसरे नाव पडले 'बायाजिद्दा'. हौसा भाषेत या शब्दांचा अर्थ लावतात तो असा: 'याला आधी कळत नव्हते'. पोरगा परदेशी, त्याला तिथली भाषा येत नव्हती, म्हणून हे नाव. हौसात ऐकणे आणि समजणे यांना एकच शब्द आहे, 'जी'. ज्याला आधी ऐकू येत नव्हते, समजत नव्हते, तो पुढे ऐकायला शिकला. लहानाचा मोठा होणे याची याहून सोपी व्याख्या आम्हांला तरी सुचत नाही.

बहुतेक ठिकाणी मुलांना गोष्ट इथपर्यंतच सांगतात. साप मेला, पाणी मोकळे झाले, परक्या पोराला त्याच्या कर्तबगारीवर मान मिळाला. टाळ्या वाजवून झोपावे अशी ही जागा आहे. पण आम्ही अट घातली आहे. गोष्ट पूर्ण करू.

राणी डाउरामाने लग्न केले, पण तिला लगेच मूल झाले नाही. तिने नवऱ्याला एक दासी दिली. ती ग्वारी जमातीची. तिचे स्वतःचे नाव कथेत येतच नाही. 'बाग्वारिया' म्हणजे 'ग्वारी बाई', एवढीच तिची ओळख. विहिरीतल्या सापाला नाव आहे, म्हातारीला नाव आहे, आणि या बाईला नाव नाही. तिला मुलगा झाला. त्याचे नाव तिने असे ठेवले की त्याचा अर्थ होतो 'गाव घेतला'. राणीच्या पोटात धस्स झाले. पुढे तिलाही मुलगा झाला. तिने त्याचे नाव ठेवले 'बावो', म्हणजे 'परत दे'. दोन आयांच्या दोन मुलांच्या नावांतच भांडण भरून ठेवले गेले. आणि बाप? दोन्ही वेळी त्याने होकार दिला, असे एका पाठात येते. बोर्नोच्या दरबारात प्रत्येक मागणीला 'हो' म्हणणारा पोरगा इथे पुन्हा दिसतो.

पुढे बावोच्या मुलांनी गावे वसवली. डाउरा, कानो, कात्सिना, झाझाऊ म्हणजे आजचे झारिया, गोबीर, रानो ही सहा, आणि बिराममध्ये ठेवलेल्या पहिल्या बायकोच्या मुलाचे सातवे. यांना म्हणतात 'हौसा बाकवाय', हौसांची सात. दासीच्या मुलाच्या वंशजांचीही सात राज्ये झाली. याद्या थोड्या बदलतात, पण झाम्फारा, केब्बी, याउरी, ग्वारी, नूपे, क्वारराफा ही नावे त्यात येतात, आणि कुठे योरुबांचेही नाव येते. यांना म्हणतात 'बान्झा बाकवाय'. बान्झा म्हणजे कुचकामी, फुकटचे. फुकटची सात!

वाचकहो, आता सांगा. ज्या पोराला कुणी 'तुझा बाप कोण, तुझे कूळ कोणते' असे न विचारता फक्त 'मुंडके कुठे आहे' असे विचारले, ज्याला कामावरून मान मिळाला, त्याच्याच नातवंडांना मात्र कामावरून नव्हे, आजीच्या दर्जावरून नावे पडली. एका आजीची नातवंडे खरी, दुसऱ्या आजीची नातवंडे फुकटची. दासीच्या पोराने काय गुन्हा केला होता? गोष्टीत त्याचा एकही गुन्हा सांगितलेला नाही. तो जन्माला आला, एवढेच. एक साप चाकूने मारला, आणि दुसरा साप त्याच घरात पाळण्याशेजारी येऊन बसला. हा दुसरा साप मारायला मात्र बायाजिद्दा उठला नाही. आधी कळत नव्हते असे ज्याचे नाव, त्याला ही गोष्ट नंतरही कळली नाही.

कुणी म्हणेल, ही तर दंतकथा, तिचे एवढे काय मनावर घ्यायचे? अभ्यासकही ही कथा जशीच्या तशी इतिहास मानत नाहीत. बाहेरून आलेले लोक आणि मूळचे लोक यांचे मिसळणे, राण्यांच्या हातून राजांच्या हाती गेलेली सत्ता, इस्लामचे आगमन, अशा बऱ्याच आठवणी या कथेत गुंफल्या असाव्यात असे ते मानतात. हे सर्व खरे धरले तरी एक गोष्ट उरते. कथा सांगितली कुणी? 'खऱ्या सात' गावांनी. शेजाऱ्याला कमी लेखायचे असेल तर त्याच्याशी लढावे लागत नाही, त्याच्या आजीला दासी करून टाकले की पुरते. मग पिढ्यान्‌पिढ्या आजीबाईच ते काम करीत राहतात, अंथरुणावर, अंधारात, अगदी मायेने.

आणि ही 'फुकटची' राज्ये खरोखर कशी होती? इतिहासाच्या वहीत पाहू. केब्बीच्या कांताने सोळाव्या शतकात बलाढ्य साँघाई साम्राज्याशी फारकत घेऊन स्वतःचे राज्य उभे केले. क्वारराफाच्या फौजा सतराव्या शतकात थेट कानोवर चालून गेल्या होत्या. नूपे लोकांच्या बिडा गावचे काचेचे मणी आणि पितळी काम नावाजलेले आहे. जमेची बाजू अशी भरलेली असताना ज्याने 'फुकट' असा शेरा मारला, त्याने वही उघडून पाहिलीच नव्हती.

आता राहिली ती बिननावाची ग्वारी बाई. तिच्या जमातीचे लोक स्वतःला ग्बाग्यी म्हणतात. ग्वारी हे त्यांना इतरांनी दिलेले नाव. या जमातीच्या बायका मडकी घडवण्यात तरबेज. क्वाली नावाच्या खेड्यात सुमारे 1925 साली एक मुलगी जन्मली. तिचे नाव लादी. लहानपणी आत्या-मावशीच्या पिढीकडून ती हे काम शिकली. चाक न वापरता, मातीची वळी एकावर एक रचून ती पाण्याचे मोठे रांजण घडवायची, आणि त्यांवर सरडे, विंचू, मगरी, मासे आणि सापही कोरायची. मायकेल कार्ड्यू या इंग्रज कुंभाराने त्या वेळच्या अबुजा गावी, म्हणजे आजच्या सुलेजात, कुंभारकामाचे शिक्षण केंद्र काढले होते. लादी 1954 मध्ये तिथे दाखल झाली, तिथली पहिली स्त्री म्हणून. पुढे तिचे रांजण परदेशांतल्या प्रदर्शनांत गेले. 1977 मध्ये तिला विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. कोणत्या विद्यापीठाने? झारियाच्या अहमदू बेल्लो विद्यापीठाने. झारिया, म्हणजे 'खऱ्या सात' गावांपैकी एक! लादी क्वाली 1984 मध्ये वारली. नायजेरियाच्या वीस नायराच्या नोटेच्या मागच्या बाजूवर आज तिचे चित्र आहे, शेजारी तिने घडवलेले मडके.

बायाजिद्दाच्या घरातल्या ग्वारी बाईला कथेने नाव दिले नाही. लादी क्वालीचे नाव आज रोज लाखो हातांतून फिरते, खऱ्या सातांच्या बाजारात आणि फुकटच्या सातांच्या बाजारातही. तिला हे कुणी दान म्हणून दिले नाही. बायाजिद्दाने मुंडके दाखवले, हिने मडके दाखवले.

कुसुगूची विहीर डाउरात आजही आहे. लोक ती बघायला येतात. गोष्टही आहे, आणि ती सांगितली जाणारच. सांगू नये असे आमचे म्हणणे नाही. बायाजिद्दाने साप मारला ते धाडसच होते. फौज गेली, भाषा येत नव्हती, तरी तो खचला नाही आणि तहानलेल्या म्हातारीला विसरला नाही. आपल्या पोरांनी हे जरूर ऐकावे. ती म्हातारीही विसरू नये. एका परक्याला दार उघडून तिने पोहरा दिला नसता तर पुढचे काहीच घडले नसते, आणि भर गर्दीत खरी साक्ष देणारीही तीच.

तेव्हा माता-भगिनींनो आणि बंधूंनो, या सुट्टीत ही गोष्ट घरी सांगून पाहा. साप मेल्यावर मुले टाळ्या वाजवतील, वाजवू द्या. मग दिवा लगेच मालवू नका. पुढची गोष्ट सांगा, दोन आयांची, दोन नावांची. आणि शेवटी पोराला एवढेच विचारा: 'त्या दुसऱ्या मुलाने काय चूक केली होती रे?' पोरगा विचार करील, आणि 'काहीच नाही' म्हणेल. मुलांना हे लवकर कळते. ते उत्तर त्याच्या तोंडून ऐकलेत की खुशाल दिवा मालवा.